मशीन अडकले की हात मागे : गोव्यात कामावर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

कामाच्या जागी माणूस जखमी होतो तो बहुधा नेहमीचे काम सुरळीत चालू असताना नाही. पट्ट्यात काहीतरी अडकते, साच्यात तुकडा राहतो, पाइप गळू लागतो, पत्र्यातून पाणी टपकते, शिफ्ट संपायला दहा मिनिटे उरलेली असतात आणि मशीन पुसायचे राहिलेले असते. अशा मधल्या, कोणाच्याच ठरलेल्या कामात न बसणाऱ्या वेळी हात आत जातो किंवा पाय घसरतो. अशा वेळी जुना माणूस थांबून कोणाला तरी हाक मारतो. नवीन माणसाला वाटते, एवढ्यासाठी कशाला विचारायचे, आणि तो स्वतःच हात घालतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत अपघात जास्त होतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

वेर्णा, कुंडई, मडकई, पिसुर्ले, तुये, कुंकळ्ळी या औद्योगिक वसाहतींत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, नदीकाठच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डांत किंवा बांधकामावर पहिल्यांदा कामाला लागत असाल, तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

पहिल्या दिवशी काय पाहून घ्यायचे

रुजू होताना नेमणूकपत्र मागा. ठेकेदारामार्फत लागत असाल तर जास्तच आग्रहाने मागा, कारण पुढे काही झाले तर तुम्ही नक्की कोणाचे कामगार, हा पहिला प्रश्न असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांत नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, विमा क्रमांकही पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

कामाला हात लावण्याआधी सुपरवायझरला सांगून एक फेरी मारा. बाहेर पडायचे दरवाजे किमान दोन हवेत. ते दोन्ही स्वतः उघडून पाहा. दुसऱ्या दरवाजासमोर रिकामे खोके रचलेले असतील किंवा बाहेरून कडी असेल, तर ते त्याच दिवशी सांगा. आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे, त्याच्या घड्याळातला काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या ताब्यात आहे, डोळे धुण्याचा नळ कुठे आहे आणि त्याला खरोखर पाणी येते का, हे बघून ठेवा. तुमच्या मशीनचा मुख्य स्विच कोणता आणि लाल रंगाचे इमर्जन्सी बटण कुठे, हे डोळे मिटून सांगता आले पाहिजे. ते बटण डाव्या हाताने पोचते का, तेही करून बघा. उजवा हात अडकला तर डाव्यानेच दाबावे लागणार आहे.

गोव्यातल्या एकाच शेडमध्ये कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड आणि ओडिया बोलणारी माणसे शेजारी-शेजारी काम करतात. घाईच्या क्षणी कोण काय ओरडला हे कळत नाही. म्हणून तुमच्या टोळीत ‘थांबा’ यासाठी एकच शब्द आणि एकच हाताची खूण ठरवून घ्या. ‘बंद’ हा शब्द बहुतेकांना कळतो, आणि तो ओरडला की कोणीही असो, मशीन थांबलेच पाहिजे.

बूट, हेल्मेट, चष्मा हे मालकाने द्यायचे असते, त्याचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. बुटांवर आयएस १५२९८ आणि हेल्मेटवर आयएस २९२५ हा क्रमांक आयएसआय चिन्हासोबत असतो. हेल्मेट एकदा जोरात आपटले की चीर दिसो वा न दिसो, ते बदलायचे. दुचाकीचे हेल्मेट आणि कामाचे हेल्मेट एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मशीन अडकले तर

हा भाग दोनदा वाचा, कारण बोटे आणि पंजे जातात ते इथे.

कन्व्हेयर, प्रेस, मिक्सर, पॅकिंगचे मशीन, कागद किंवा प्लास्टिक कापणारे कटर, सगळी अधूनमधून अडकतात. अडकलेले मशीन थांबलेले दिसते, पण ते थांबलेले नसते. मोटर ताण देत असते, फक्त पुढे सरकायला जागा नसते. तुम्ही तो तुकडा ओढून काढला की साठलेली सगळी ताकद एका क्षणात सुटते आणि रोलर पुढे जातो. नुसते स्टॉप बटण दाबून हात घालणे याचसाठी पुरेसे नाही. कोणीतरी पलीकडून स्टार्ट दाबू शकतो, किंवा सेन्सरसमोरचा अडथळा गेल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ शकते.

करायचे ते या क्रमाने:

१. स्टॉप दाबा आणि आजूबाजूच्यांना मोठ्याने सांगा.

२. मुख्य स्विच किंवा आयसोलेटर (मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करा आणि त्याला स्वतःचे कुलूप लावा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. कुलपाबरोबर नाव, वेळ आणि कशासाठी बंद केले हे लिहिलेली पट्टी अडकवा. दोघे काम करत असतील तर दोन कुलुपे लावा.

३. विजेशिवाय आणखी कोणती ताकद शिल्लक आहे ते पाहा. हवेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून आतली हवा सोडा. हायड्रॉलिकचा दाब उतरवा. प्रेसचा वर थांबलेला भाग स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, त्याला खालून ठोकळ्याचा आधार द्या. मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह असेल तर वीज बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज साठलेली राहते. किती थांबायचे ते त्याच्या झाकणावर छापलेले असते.

४. आता स्टार्ट दाबून पाहा. मशीन हलले नाही, तरच ते बंद आहे. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि चुकीचा स्विच बंद केला होता हे नेमके इथेच कळते.

५. तुकडा हाताने न काढता आकड्याने किंवा चिमट्याने काढा.

६. गार्ड, म्हणजे फिरणाऱ्या भागावरचे संरक्षक झाकण, परत बसवा, अवजारे मोजून बाहेर काढा, सगळे लोक बाजूला झाले याची खात्री करा आणि मग ज्याने लावले त्यानेच कुलूप काढायचे.

नवीन माणसाने हे एकट्याने करायचेच नाही. देखभालीचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मशीन थांबवून उभे राहणे हे तुमचे काम आहे. उत्पादन थांबले म्हणून कोणी घाई करत असेल, तर वेळ नोंदवून ठेवा आणि थांबा. गार्डच्या दरवाजाचा सेन्सर टेपने चिकटवलेला दिसला, दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक लाकडी पाचर मारून बसवलेले दिसले, तर त्या मशीनवर काम सुरूच करू नका. ती दोन बटणे दोन्ही हात साच्याबाहेर राहावेत म्हणूनच दिलेली असतात.

कपड्यांबाबत एक गोष्ट इथेच सांगायला हवी. फिरणाऱ्या भागाजवळ सैल बाही, ओढणी, गळ्यातली चेन, मनगटावरचा दोरा, अंगठी काहीही नको. लांब केस टोपीत बांधून टाका. ड्रिल आणि लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचा एक धागा गुंडाळला गेला की तो बोट सोडत नाही. धातूचा कीस काढायला चिंधी वापरू नका, ब्रश वापरा, तोही मशीन थांबल्यावर.

ग्राइंडर आणि वेल्डिंग

हाताचा ग्राइंडर साध्या कामाचा वाटतो म्हणून त्यावर कोणी शिकवत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. सात इंची चकती साधारण ८,५०० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. मोठी चकती मावावी म्हणून गार्ड काढून ती चार इंचीवर बसवली, तर ती फुटते आणि तुकडे चेहऱ्याकडे किंवा मानेकडे येतात. चकतीवर छापलेला वेग मशीनच्या वेगाइतका किंवा जास्त असलाच पाहिजे. मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेले असते, ती वापराची मुदत. गोव्याच्या दमट हवेत उघड्यावर पडलेली चकती ओल शोषते आणि ठिसूळ होते, म्हणून ती कोरड्या पेटीत सपाट ठेवा. लाकूड कापायचे दातेरी ब्लेड ग्राइंडरवर कधीही लावू नका. ते लाकडात अडकले की मशीन हातातून उसळते.

नवी चकती बसवल्यावर गार्ड लावून, स्वतः बाजूला उभे राहून एक मिनिट नुसती फिरू द्या. कापायची चकती घासायला वापरू नका, बाजूचा दाब तिला सोसत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि त्यावर फेसशील्ड, दोन्ही हवे. टेबलावरच्या ग्राइंडरमध्ये आधारपट्टी आणि दगड यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर तुकडा बोटासकट आत ओढला जातो.

वेल्डिंगच्या आजूबाजूला असाल तर नुसते तोंड वळवून भागत नाही. आर्कचा त्रास लगेच जाणवत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात, तेवढ्या परिघातले खोके, थिनर, चिंध्या हलवा किंवा झाका. काम संपल्यावर अर्धा तास एक माणूस तिथे पाहारा ठेवायला हवा. थिनर, तेल किंवा डिझेलचे रिकामे पिंप वेल्डिंगने कापू नका, कारण आत उरलेली वाफच स्फोट करते. ओले हातमोजे आणि ओली जमीन असताना वेल्डिंग नको.

पावसाआधीचे छप्पर

गोव्यात मे महिना उजाडला की प्रत्येक शेडचा मालक पत्रे बघायला लागतो. सात जूनच्या आसपास पाऊस येतो आणि त्याआधी गळती काढायची असते. काम दोन दिवसांचे, माणसे हाताशी असलेली, आणि वर चढतो तो बहुधा नवा हेल्पर. हे काम नवीन माणसाचे नाही. तुम्हाला वर जायला सांगितले तर आधी पुढचे विचारा.

सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. बरीच वर्षे ऊन-पाऊस खाल्लेला पत्रा तर कधी तुटेल याचा इशाराही देत नाही, कडकन मोडतो आणि माणूस थेट फरशीवर येतो. नट-बोल्टच्या रेषेवरून चालले की खाली लोखंडी पर्लिन (पत्र्यांना आधार देणारी आडवी पट्टी) असते म्हणून सुरक्षित, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. एक पाऊल चुकले की ती रेषा संपली. उजेडासाठी मधेमधे बसवलेले फायबरचे पत्रे धूळ, शेवाळ आणि डांबराच्या थरामुळे वरून बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात, आणि ते सगळ्यात कच्चे असतात.

पहिला पर्याय वर न जाण्याचा. बरीच गळती आतून, चाकांच्या परांचीवरून किंवा लिफ्टवरून दुरुस्त होते. वर जावेच लागले तर रुंद फळ्या किंवा छपराच्या शिड्या किमान दोन हव्यात, म्हणजे एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवता येते. फळी दोन-तीन पर्लिनवर टेकलेली असावी. खाली जाळी बांधावी आणि त्या भागात कोणाला येऊ देऊ नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. ते कोरडे असताना कटरने कापू नका, धूळ फुफ्फुसात जाऊन राहते. पाऊस सुरू झाल्यावर, शेवाळ धरलेल्या पत्र्यावर कोणत्याही कारणाने चढू नका. खाली बादल्या ठेवा.

हार्नेस पूर्ण अंगाचा हवा, आयएस ३५२१ चा. कमरेचा नुसता पट्टा पडताना कंबर मोडतो. दोन दोऱ्यांचा हार्नेस घ्या, म्हणजे एक हूक सोडताना दुसरा अडकलेला राहतो. हूक डोक्याच्या वर, लोखंडी तुळईला किंवा खास बसवलेल्या लाइफलाइनला लावा. पाण्याचा पाइप, विजेची नळी, पत्र्याचा बोल्ट यांना नाही. आणि एक हिशेब लक्षात ठेवा: दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा भाग उघडल्यावर आणखी एक ते पावणेदोन मीटर, त्यात तुमची उंची आणि थोडी मोकळी जागा. हूक पायाच्या पातळीवर लावला तर खाली सुमारे सहा मीटर मोकळे नसताना हा हार्नेस तुम्हाला जमिनीआधी थांबवणार नाही. शिवाय, लटकलेल्या माणसाला खाली कसे घ्यायचे हे चढण्याआधी ठरलेले असावे. हार्नेसमध्ये बराच वेळ लटकून राहिल्याने पायांत रक्त साठते आणि माणूस बेशुद्ध होतो.

शिडीचा नियम सोपा आहे. चार मीटर उंचीला पाया भिंतीपासून एक मीटर दूर. वर जिथे उतरायचे तिथून शिडी एक मीटर वर आलेली असावी. वरचे टोक बांधा, बांधेपर्यंत खाली एकाने धरा. चढताना दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय नेहमी टेकलेले, अवजारे पिशवीत. अॅल्युमिनियमची शिडी विजेच्या तारांजवळ आणायची नाही.

बांधकामावर असाल तर दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार लावल्याशिवाय उतरू नका. काढलेली माती काठापासून किमान एक मीटर दूर टाका. गोव्याची लाल माती उन्हाळ्यात भिंतीसारखी उभी राहते आणि पहिल्या जोराच्या पावसात ढासळते.

पावसाळ्यातली वीज

जून ते सप्टेंबर जमीन, चपला, कपडे, भिंती सगळे ओले असते, आणि ओल्या शरीरातून वीज सहज जाते. तुमच्या जागच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे का ते विचारा. तिच्यावर टेस्टचे छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली तर ती नुसती दिखाऊ उरली आहे. साधी एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून वाचवत नाही.

सॉकेटमध्ये काडी खोचून बसवलेल्या उघड्या तारा, टेपने जोडलेली केबल, तिसरी पिन काढलेला टॉप, यातले काहीही दिसले तर ते यंत्र वापरू नका. केबल पाण्यातून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नका, वरून टांगा. वॉशिंग पंप, ओले ग्राइंडिंग, पाण्याचा सबमर्सिबल या ठिकाणी बंद करून आणि प्लग काढूनच हात लावायचा. रबरी तळव्याचे बूट घाला, चपला नाहीत.

कोणाला शॉक बसताना दिसला तर त्याला धरू नका. आधी मुख्य स्विच. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या दांड्याने तार बाजूला करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. शॉक लागून उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात.

बंद टाकीत कोणी उतरायचे नाही

हॉटेलचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प), सेप्टिक टँक, औषधांच्या किंवा मासळीच्या कारखान्यातली सांडपाण्याची टाकी, मासळीच्या बोटीचा खण, मांडवी-झुआरीच्या काठी दुरुस्तीला लागलेल्या बार्जची (मालवाहू बोटीची) बंद टाकी. या सगळ्या जागा रिकाम्या दिसतात. सांडपाण्यातून आणि कुजलेल्या मासळीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढून १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की नाक मरते आणि वास गेल्यासारखा वाटतो. वास कमी झाला म्हणून माणूस आत उतरतो आणि शिडीवरच कोसळतो. बार्जच्या टाकीत विषारी वायू नसतानाही मरण येते. लोखंड गंजताना आतला प्राणवायू खाऊन टाकते, आणि महिनोन्महिने बंद असलेल्या टाकीत तो श्वासापुरता उरत नाही.

इथे एकापाठोपाठ एक माणसे जातात. पहिला पडतो, दुसरा वाचवायला उतरतो, मग तिसरा. म्हणून नियम कडक आहे: आत पडलेल्या माणसाला बघून आत उडी मारायची नाही. बाहेरून हाक मारा, वरून हवा सोडणारा ब्लोअर असेल तर चालू करा, दोरीने बांधलेला असेल तर ओढा, १०१ आणि १०८ ला फोन करा.

आत उतरण्याचा परवाना लेखी असतो. त्याआधी ब्लोअरने हवा खेळवलेली असावी, आणि मीटरने वर, मध्ये आणि तळाशी मोजून प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, ज्वलनशील वायू त्याच्या पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या दहा टक्क्यांहून कमी, असे आकडे परवान्यावर लिहिलेले असावेत. आतल्या माणसाला हार्नेस, वर त्याला ओढून काढायची तिपाई आणि बाहेर एक माणूस, जो कोणत्याही कारणाने जागा सोडत नाही. आत न्यायचा दिवा २४ व्होल्टचा. सेप्टिक टँक किंवा गटारात साधनांशिवाय माणूस उतरवणे हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जास्त मजुरी देऊन कोणी सांगितले तरी नाही म्हणा.

हॉटेलचे स्वयंपाकघर

कमर्शियल सिलिंडर १९ किलोचे असतात. ते उभे, मोकळ्या हवेच्या खोलीत, स्वयंपाकघराबाहेर ठेवायचे. एलपीजी हवेपेक्षा जड असते, म्हणून गळती जमिनीलगत साठते आणि तळघरात उतरते. वास आला तर बर्नर आणि रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, दिव्याचा किंवा पंख्याचा कोणताही स्विच चालू-बंद करू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि १९०६ ला कळवा. नळीवर छापलेली तारीख पाच वर्षांहून जुनी असेल तर ती बदलायला सांगा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करा आणि वर झाकण सरकवा. पाणी ओतले की ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडते. तेलाच्या आगीसाठी के किंवा एफ वर्गाचा आग विझवायचा सिलिंडर वेगळा असतो. तो शेगडीपासून थोडा दूर, बाहेर जायच्या वाटेवर असावा. चिमणीच्या नळीत साठलेली चिकट चरबी आग छपरापर्यंत पोचवते, म्हणून तिची सफाई ठरलेल्या तारखांना होते का ते विचारा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचा जीव गेला, आणि त्यांत बहुतेक तिथेच काम करणारे होते. तळघरातल्या किंवा मागच्या स्वयंपाकघरात काम करत असाल तर पाहुण्यांच्या दाराव्यतिरिक्त तुमची बाहेर जायची वाट कोणती, हे पहिल्याच शिफ्टला चालून बघा.

बाकीच्या जखमा साध्या दिसतात पण रोज होतात. कापायच्या फळीखाली ओले फडके ठेवले की ती सरकत नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरते, म्हणून धार लावलेलीच सुरी घ्या. सुरी पडली तर झेलू नका, पाय मागे घ्या. मासळी धुतलेले पाणी आणि तेल सांडले की त्याच वेळी पुसा. हाउसकीपिंगमध्ये ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचे अॅसिड एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये गुदमरायला काही श्वास पुरतात.

मालीम, कुटबणसारख्या जेटींना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यांत अमोनिया असतो. गळती झाली तर वारा कुठून येतो ते पाहून वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा, नाकावर ओले फडके धरा, आणि डोळ्यांना झोंबले असेल तर ते भरपूर पाण्याने धुवा.

ओझे, उकाडा, ये-जा

पोते किंवा चिरा उचलताना पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, वजन छातीशी धरून उठा. उचलल्यावर कंबर पिळू नका, पावले वळवा. ५० किलोचे पोते दोघांनी. फोर्कलिफ्टच्या वर केलेल्या काट्याखाली उभे राहू नका, चालकाची नजर मिळाल्याशिवाय पुढून जाऊ नका.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दमट हवेमुळे घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, दिवसातून एक-दोनदा ओआरएस किंवा मीठ घातलेली पेज घ्या. असंबद्ध बोलणारा, लडखडणारा माणूस सावलीत नेऊन अंगावर पाणी घाला, पंख्याखाली ठेवा आणि १०८ ला फोन करा.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून रोज दुचाकीने येणाऱ्यांनी रात्रपाळी संपल्यावर झोप येत असेल तर अर्धा तास तिथेच डोळे मिटून मग निघावे.

लागलेच तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड थेट जखमेवर दाबून धरा आणि भाग वर उचला. दाबणे मधेमधे सोडून बघू नका. बोट तुटले तर तो तुकडा ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट लागला तर मांस मरते आणि जोडता येत नाही. भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तेल, बर्फ काहीही लावू नका. रसायन डोळ्यात गेले तर पंधरा ते वीस मिनिटे पापणी उघडी धरून धुवा, मग दवाखाना. बाटलीवरचे लेबल किंवा त्याचा फोटो डॉक्टरला दाखवा. उंचावरून पडलेल्याला उठवून बसवू नका, मानेला इजा असू शकते. गंभीर जखमी माणसाला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेतात. १०८ वाले कुठे न्यायचे ते ठरवतात, तुम्ही फक्त वसाहतीचे नाव आणि प्लॉट क्रमांक नीट सांगा, गेटवर एक माणूस उभा करा.

नोंद आणि ईएसआय

लहान जखम झाली तरी अपघाताच्या वहीत त्याच दिवशी नोंद करून घ्या. तारीख, वेळ, मशीन, कोण हजर होते. आज खरचटलेले बोट आठवड्याने पिकते आणि मग ते कामावरच लागले होते, हे सिद्ध करता येत नाही. वही दिली नाही तर सुपरवायझरला मोबाइलवर संदेश पाठवा, तो पुरावा राहतो. फोटो काढा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. कामावरच्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. इजेमुळे कामावर जाता येत नसेल तर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो, मात्र अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम चुकलेले असावे. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, यात धरला जातो. अपघाताचा अहवाल मालकाने ईएसआयला पाठवायचा असतो. त्याची प्रत मागून ठेवा आणि डॉक्टरला जखम कामावर झाली हे स्पष्ट सांगा. ‘घरी पडलो’ असे लिहून घ्यायला कोणी सांगितले तर ऐकू नका, भत्ता तिथेच बुडतो.

तातडीचा धोका दिसत असेल तर तो मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क नव्या संहितेने कामगाराला दिला आहे. गोव्यात कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाचे कार्यालय पणजीत आल्तिनो येथे आहे. अर्जात कारखान्याचे नाव, शेड, मशीन, काय मोडले आहे आणि कोणत्या तारखेला सुपरवायझरला सांगितले, एवढे लिहा, सोबत फोटो जोडा. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्याच्या सरकारी कामकाजात मराठीच्या वापराला जागा दिलेली आहे. एक प्रत पोच शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा.